जुळी केळी आणि जुळी लेकरं

लोणार तालुक्यातल्या बीबीत काय नि मुंबईत काय, गरोदर बाईनं जुळं केळं हातात घेतलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "ते नको खाऊ, जुळं होईल." केळं बिचारं निर्दोष आहे. पोटात एक की दोन, हे गर्भधारणेनंतर साधारण दोन आठवड्यांत, म्हणजे पाळी चुकल्याचं कळायच्या सुमारासच, ठरून गेलेलं असतं.

"आजेसासऱ्यांना जुळा भाऊ होता, म्हणून सुनेला जुळं" हेही खरं नाही. एका महिन्यात दोन बीजांडं सुटली तर वेगवेगळ्या चेहऱ्यांची जुळी होतात, आणि ती प्रवृत्ती बाईच्या स्वतःच्या रक्तात असते. आजोबांकडून ती नातीत उतरेल, सुनेत कशी उतरणार? हुबेहूब जुळी मात्र एकाच फलित बीजांडाची दोन शकलं होऊन जन्मतात. ते सहसा घराण्यात चालत नाही. जगभर 1000 बाळंतपणांमागे अशी साधारण 4 जुळी होतात.

मग दोघं अगदी एकच का? नाही. रेशन दुकानातल्या मशीनवर एकाचा अंगठा दुसऱ्याच्या नावावर चालत नाही, कारण बोटांवरच्या रेषा गर्भातला दाब, हालचाल, जागा यांनीही घडतात. डीएनएतही किंचित फरक असतो. 2021 मध्ये आइसलँडच्या संशोधकांना अशा जोडीत सरासरी 5.2 सुरुवातीचे बदल सापडले. पोलिसांच्या नेहमीच्या डीएनए चाचणीला तेवढे दिसत नाहीत. (हिंदी सिनेमावाल्यांनी एवढं मनावर घ्यायचं कारण नाही.)

सर्वांत महागात पडणारा गैरसमज वारेचा आहे. "वार दोन, म्हणजे लेकरं हुबेहूब नाहीत," असं सर्रास सांगतात. गर्भ पहिल्या तीनेक दिवसांत दुभंगला तर हुबेहूब जुळ्यांनाही स्वतंत्र वार मिळते. जवळपास एक तृतीयांश जोड्या अशाच. उशिरा दुभंगला तर दोघांत एकच वार. तिथे रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि 10 ते 15 टक्के गर्भारपणांत रक्ताची वाटणी बिघडते: एका बाळाला कमी रक्त, त्याच्याभोवती पाणीही कमी, दुसऱ्याला जास्त रक्त, त्याच्या हृदयावर ताण. जीव दोघांचाही धोक्यात येतो. वेळीच कळलं तर लेसरनं त्या वाहिन्या बंद करता येतात.

म्हणून सोनोग्राफीत जुळं दिसलं की चेहरे सारखे असतील का, हे विचारत बसू नका. वार एक की दोन, ते विचारा आणि कागदावर लिहून घ्या. 11 ते 14 आठवड्यांत ते सर्वांत स्पष्ट दिसतं. एकच असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी लागते, मग त्यासाठी बुलढाणा गाठावं लागो की जालना.