सर्व्हरला मेमरी किती घ्यावी?

लहानसा सर्व्हर घेताना विक्रेता हमखास विचारतो, "मेमरी किती टाकू?" उत्तर बहुधा खिशाकडे पाहून दिले जाते. खरे तर ते कागदावर मांडून काढता येते.

मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हवी ती नोंद टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा लागतो. टोक सरकण्याचा वेळ धरला की सुमारे १२ मिलिसेकंद झाले. मेमरीतून तीच नोंद सेकंदाच्या साधारण एक कोटीव्या भागात मिळते. हा वेळ एक सेकंद मानला, तर डिस्कपाशी आपल्याला ३३ तास ताटकळावे लागेल! म्हणजे १०० वाचनांपैकी ९० मेमरीतून भागली, तर उरलेली १० वाचने १२० मिलिसेकंद खातात; ९९ भागली तर फक्त १२. एसएसडीवर हे अंतर बरेच घटते, पण मिटत नाही.

मग सगळा साठा मेमरीत हवा का? जिम ग्रे आणि फ्रँको पुट्झोलू यांनी १९८७ मध्ये 'पाच मिनिटांचा नियम' मांडला. पाच मिनिटांच्या आत पुन्हा लागणारे पान मेमरीत ठेवणे, तेव्हाच्या किमतींत, स्वस्त पडे. किमतींबरोबर तो आकडा बदलत गेला; विचार मात्र टिकला.

आता एका महाविद्यालयाचे ग्रंथालय घेऊ. देवघेवीच्या १० लाख नोंदी, प्रत्येकी २०० बाइट, म्हणजे सारे मिळून २०० मेगाबाइट. सूच्यांसाठी तेवढेच आणखी धरू. एकाच वेळी २० जण काम करणार, प्रत्येकाच्या वर्गवारीला ५० मेगाबाइट, म्हणजे एक गिगाबाइट. संगणकाच्या स्वतःच्या कारभाराला दोन. साडेतीनच्या आत हिशोब संपला! ८ गिगाबाइट भरपूर झाले, आणि वाढीसाठी खाचा मोकळ्या ठेवाव्यात. पुस्तकांची छायाचित्रे असतील तर ती डिस्कवर खुशाल राहू द्यावीत.

आम्ही स्वतः एकदा मेमरी दुप्पट केली आणि वेग होता तिथेच राहिला. शोध घ्यायच्या रकान्याला सूची नव्हती, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला सगळ्या नोंदी चाळल्या जात होत्या. ते पैसे वायाच गेले म्हणायचे.

लिहिण्याच्या कामालाही मेमरीचा फारसा उपयोग नाही. वीज गेली की मेमरी कोरी होते, म्हणून 'नोंद झाली' असे सांगण्यापूर्वी ती डिस्कवर पोचवावीच लागते. तेव्हा वाचलेल्या पैशांत चांगली एसएसडी, चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी आणि एक यूपीएस घ्यावा.