जत्रेतला फड निवडीची चाचणी होऊ शकतो का?

दिवाळी सरली, सुगी आटोपत आली की हुबळी-धारवाडच्या आसपासच्या गावांत जत्रांचे फ्लेक्स लागायला सुरुवात होते. वर देवाचं नाव, मध्ये पुढाऱ्यांचे फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'जंगी निकाली कुस्त्यांचं मैदान'. मजकूर कन्नडमध्ये, पण पैलवानांच्या नावापुढची गावं बघावीत तर कोल्हापूर, सांगली, बेळगाव, दावणगेरे, अशी दोन्ही राज्यांतली. सीमा ज्या काही दोन-तीन गोष्टींना अजून अडवू शकलेली नाही त्यात गाणं आणि कुस्ती या दोन नक्की. मी राहतो देशपांडे नगरात, सवाई गंधर्व कलामंदिराच्या परिसरात, त्यामुळे गाण्याबद्दल लिहिणारे आमच्याकडे पुष्कळ. कुस्तीबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून या अंकात हा विषय घेतला.

या मैदानांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पोरगं जत्रेत एवढ्या कुस्त्या मारतंय, राज्याला मेडल आणणारच!" खरंच आणतं का? छोट्या मैदानावरच्या यशावरून मोठ्या स्पर्धेचा अंदाज बांधता येतो का? आमच्या वर्गात खानापूरकडचा एक पैलवान मित्र आहे. त्याच्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. एकाच आठवड्यात एका जत्रेत त्याची इनामी कुस्ती ठरलेली आहे आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही आहे, जिथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. इनामाच्या पैशांत त्याचा दोन महिन्यांचा खुराक निघतो. त्याचं म्हणणं, "अरे, जत्रेत लढलो म्हणजे सरावच झाला की." मला ते पटत नाही. का, ते सांगतो.

आधी 'चाचणी' म्हणजे काय ते बघू. ही कल्पना सगळ्यात रुळलेली आहे ती घोड्यांच्या जगात. इंग्लंड-आयर्लंडमध्ये अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यती असतात. त्यांचा सगळ्यात मोठा मेळा दर मार्चमध्ये चेल्टनहॅमला भरतो. चार दिवस, २८ शर्यती. त्याआधीचे दोन-तीन महिने ठिकठिकाणच्या लहान मैदानांवर ज्या शर्यती होतात त्यांतल्या कित्येकांना तिथले लोक सरळ 'ट्रायल' म्हणतात. स्कॉटलंडच्या सीमेवर केल्सो नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या 'मोरबॅटल हर्डल' या शर्यतीला आयोजकांनी एक युक्ती जोडली. इथे जिंकलेला घोडा पुढे चेल्टनहॅमलाही जिंकला तर वर एक लाख पौंड. २०२१ मध्ये 'द शंटर' नावाच्या घोड्याने ६ मार्चला केल्सो मारलं आणि बाराच दिवसांनी चेल्टनहॅमलाही एक शर्यत जिंकून ते पैसे नेले. गंमत अशी की केल्सोला तो बुटक्या अडथळ्यांवरून पळाला होता आणि चेल्टनहॅमला उंच, भक्कम अडथळ्यांवरून. म्हणजे मैदान लहान असलं, अडथळा थोडा वेगळा असला, तरी चाचणी उपयोगी पडू शकते. पण लक्षात घ्या, बाकीचं सगळं तेच होतं. शर्यत ठरलेल्या अंतराची, प्रत्येक घोड्यावर किती वजन चढवायचं ते ठरलेलं, आणि आधी पोचेल तो पहिला हा हिशोबही तोच.

जत्रेतल्या कुस्तीत नेमकं हे 'बाकीचं सगळं' बदलतं.

जत्रेत जोड कशी लागते ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी. दुपारी हलगी वाजायला लागली की आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या. पोरं हौद्यात उतरतात, कमिटीतलं कोणी तरी दोघांना शेजारी उभं करून उंची बघतं, दंड चाचपतं आणि म्हणतं, "हां, लागली जोड." वजनकाटा कुठेच नाही. मोठ्या कुस्त्या आधीच ठरलेल्या असतात. एक नंबरची, दोन नंबरची, तीन नंबरची, प्रत्येकीचं इनाम फ्लेक्सवर छापलेलं. कोण कोणाशी लढणार हे कमिटी आणि दोन्हीकडचे वस्ताद मिळून ठरवतात. आता वस्ताद म्हटला की तो आपल्या पठ्ठ्याचं नाव सांभाळणारच. अवघड पडेल अशी जोड तो कशाला घेईल? त्यामुळे 'या हंगामात वीस कुस्त्या, वीस विजय' हे ऐकायला भारी वाटलं तरी समोर कोण होतं हे विचारल्याशिवाय त्या विसाला अर्थ नाही. (नुरा कुस्तीचा, म्हणजे आधीच संगनमत केलेल्या कुस्तीचा विषय मी इथे काढत नाही. प्रेक्षकांना ती ओळखू येते आणि ते शिट्ट्या मारून काय ते सांगतात.) स्पर्धेत याच्या उलट. जोड चिठ्ठीने निघते. पहिल्याच फेरीत गेल्या वर्षीचा विजेता समोर येऊ शकतो आणि एकाच दिवसात तीन-चार कुस्त्या खेळाव्या लागतात.

दुसरी गोष्ट निकालाची. जत्रेत कुस्ती म्हणजे चितपट. पाठ लागली तर जिंकली, नाही तर चालूच. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं दोघे एकमेकांच्या मानेवर हात टाकून रेटारेटी करत राहतात. शेवटी पंच मध्ये पडून कुस्ती बरोबरीत सोडवतात, किंवा गुणांवर लावू म्हणतात आणि मग भांडण होतं. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये तीस सेकंद विश्रांती. समोरच्याला खाली घेऊन ताबा मिळवला की दोन गुण, पाठ धोक्यात आणली की दोन, उचलून नीट फेकलं तर चार किंवा पाच, वर्तुळाबाहेर ढकललं तर एक. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. नुसतं रेटत राहिलं तर पंच ताकीद देतो आणि मग तीस सेकंदांत गुण कमवावा लागतो, नाही तर समोरच्याला एक गुण. जत्रेत पहिली दहा मिनिटं अंदाज घेण्यात घालवायची सवय लागलेला पैलवान गादीवर अंदाज घेऊन होईपर्यंत कुस्ती हरलेला असतो.

तिसरी गोष्ट मी स्वतः बघेपर्यंत लक्षात आली नव्हती, ती म्हणजे पकड. मातीत पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात ते नुसतं रीत म्हणून नव्हे. घाम शोषला जातो, हात सटकत नाही. शिवाय मातीत जांघ्याला हात घालायची मुभा असते. घिस्सा हा आपल्याकडचा प्रेक्षकांच्या अगदी लाडका डाव. खालच्या पैलवानाचा जांघ्या धरून त्याला खेचत उलटा करायचा. हा डाव त्या पकडीवरच उभा आहे. गादीवर अंगातला पोशाख धरणं हा सरळ नियमभंग. म्हणजे ज्याचा हुकमी डाव घिस्सा, त्याने जत्रेत मारलेल्या निम्म्या कुस्त्या गादीच्या हिशोबात कमीच धराव्या लागतात. उलट एकेरी पट, दुहेरी पट, ढाक, कलाजंग यांना गादीवर चांगली किंमत आहे. माझ्या मित्राचं एकेरी पटावर प्रभुत्व आहे आणि जत्रेत तो पट फारसा काढतच नाही, कारण गुडघा टेकवून आत घुसायला भुसभुशीत माती आडवी येते. त्याचं सगळ्यात चांगलं हत्यार हंगामभर म्यानात!

आता वजन. पॅरिस ऑलिंपिकला विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली आणि शंभर ग्रॅम जास्त भरल्याने बाद झाली, हे आपण सगळ्यांनी २०२४ मध्ये पाहिलं. शंभर ग्रॅम! जत्रेत दहा-दहा किलोंचा फरक असलेल्या जोडी लागतात आणि कोणाला काही वाटत नाही. यातून पैशांची दिशाही ठरते. मोठं इनाम, चांदीची गदा, बुलेट हे सगळं थोराड पैलवानाला. ५७ किलोच्या पोराला फेटा आणि किरकोळ रक्कम. पण आपल्या भागाने जगात नाव केलं ते कुठल्या वजनात? खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात. बीड जिल्ह्यातल्या राहुल आवारेचं २०१८ चं राष्ट्रकुल सुवर्ण ५७ किलोत आणि २०१९ चं जागतिक कांस्य ६१ किलोत. जत्रा ज्या शरीराला पैसे देते आणि जग ज्या शरीराला पदक देतं, ती दोन शरीरं बहुधा वेगळी असतात. या एका कारणासाठी मला जत्रेच्या निकालांवरून अंदाज बांधणं धोक्याचं वाटतं. हलक्या वजनाचा गुणी पोरगा तिथे दिसतच नाही, किंवा दिसायला लागावा म्हणून भलत्याच पद्धतीने वजन वाढवत बसतो.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग आपले जुने नामांकित पैलवान कुठून आले? रास्त प्रश्न. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले, ते कोल्हापूरच्या तालमीत मातीतच घडले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत गणपत आंदळकर आणि मारुती माने या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. हेही मैदानं गाजवलेले पैलवान. आंदळकरांचं सुवर्ण ग्रीको-रोमन प्रकारात होतं हे मला फार बोलकं वाटतं. त्या प्रकारात कमरेखाली हात लावायचा नाही, सगळी लढाई छाती, मान आणि दंडाची. मातीत रेटून तयार झालेल्या अंगाला तो प्रकार जवळचाच. आणि अगदी अलीकडचं उदाहरण सिकंदर शेखचं. मोहोळचा हा पैलवान कोल्हापूरच्या गंगावेश तालमीचा, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या मैदानांचा लाडका. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत माती विभागात महेंद्र गायकवाडकडून तो हरला. गायकवाडच्या बाहेरच्या टांगेला पंचांनी चार गुण दिले ते बरोबर की चूक, यावर कित्येक दिवस वाद चालला. जत्रेत हा वादच झाला नसता, कारण तिथे गुण कोणी मोजत नाही. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने गतविजेत्या शिवराज राक्षेला हरवून गदा घेतली. म्हणजे महाराष्ट्र केसरीपुरतं बोलायचं तर जत्रेची परीक्षा बऱ्यापैकी लागू पडते. याचं कारण स्पर्धेच्या रचनेतच आहे. तिथे माती आणि गादी असे दोन विभाग असतात, दोन्हीकडचे विजेते शेवटी भिडतात आणि किताबाचा गट थोराडांचाच असतो. जितकं साम्य, तितकी चाचणी खरी.

एक मान्य करायला हवं. निवडीची अधिकृत चाचणी म्हणजे सोन्याचा काटा असंही नाही. खाशाबांचंच बघा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा गादीची सवय नव्हती, तरी सहावे आले. पुढच्या वेळी निवडीच्या स्पर्धेत मद्रासला निरंजन दासविरुद्ध त्यांना गुणांवर पराभूत ठरवलं गेलं. हा निकाल अन्यायाचा आहे म्हणून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत लागली आणि त्यांनी ती जिंकली. हेलसिंकीच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कॉलेजच्या मासिकात ही गोष्ट पुन्हा पुन्हा छापली पाहिजे असं माझं मत आहे. पण इथे मुद्दा वेगळा. त्या एका कुस्तीचा निकाल तसाच राहिला असता तर पदक गेलं असतं. म्हणून चाचणी एकाच कुस्तीवर नको, दोन-तीन वेळा व्हावी, आणि तिथे जत्रा कामी येऊ शकते.

कशी, तर केल्सोवाल्यांसारखी. जत्रेच्या कमिटीने सगळं मैदान बदलायची गरज नाही. एक नंबरची कुस्ती मातीत, निकाली, हलगीच्या ठेक्यावर, तशीच राहू दे. लोक त्यासाठीच येतात, मीही त्यासाठीच जातो. पण दुपारच्या वेळात ५७, ६१ आणि ६५ किलोच्या तीन-चार जोडी काट्यावर वजन घेऊन, सहा मिनिटांच्या नियमाने लावता येतील. हल्याळसारख्या ठिकाणी क्रीडा वसतिगृहातली मुलं-मुली रोज गादीवरच सराव करतात. त्यांना बोलवा. आणि इनामाचे दोन भाग करा. अर्धं तिथल्या तिथे, आणि त्याच्या दुप्पट रक्कम राखून ठेवायची, तो पैलवान किंवा ती पैलवान त्या वर्षी राज्य किंवा विद्यापीठ स्पर्धेत पदक घेऊन आली तर द्यायची. बहुतेक वर्षी ती रक्कम कमिटीकडेच राहील, पण पोरांचं लक्ष कुठे लागेल बघा. सध्या जत्रेचा हंगाम आणि निवडीचा हंगाम एकमेकांचे पाय ओढतात. इनामासाठी अंग झिजवलेला पैलवान खांदा धरून निवडीला येतो, किंवा येतच नाही.

माझ्या मित्राला मी एवढंच म्हटलं, की आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं वजन दे, जत्रेची जोड पुढच्या मैदानाला ढकल. इनामाचं काय, असं त्याने विचारलं. त्याच्या वस्तादांनी कमिटीशी बोलून कुस्ती तीन आठवडे पुढच्या एका जत्रेत लावून दिली आहे, इनाम थोडं कमी. तो सध्या ६३ किलो भरतोय आणि ६१ च्या गटात उतरायचं म्हणतो. डबा खाताना त्याच्यासमोर जिलेबी काढू नका.