पिल्ले, कुत्रा आणि आपला हात

अंगणात कोंबडीची पिल्ले फिरू लागली की गरीब स्वभावाचा पाळीव कुत्राही त्यांच्यावर झेपावतो. पिल्लू सोडवायला घरातले मूल हात घालते आणि चावा त्यालाच बसतो.

म्हणून कुत्र्याला आधीच सवय लावावी. पिल्ले डालग्याखाली झाकावीत, कुत्र्याला साखळी लावून दूर बसवावे. शांत राहिला की भाकरीचा तुकडा द्यावा, मारू नये. रोज 10 मिनिटे असे करून अंतर हळूहळू कमी करावे. तरीही पिल्लांपाशी त्याला एकटे सोडू नये.

चावा बसलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. कुत्रा घरचा असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रेबीज लसीने टळतो; लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रोगी सहसा वाचत नाही.