रंगीत बॅटरीची पारख

पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि वर एक जांभळा, असे चार-पाच रंग देणाऱ्या एल.ई.डी.च्या बॅटऱ्या हल्ली बाजारात सर्रास मिळतात. शुद्ध मराठीत त्यांना विजेरी म्हणावे हे आम्हास ठाऊक आहे. परंतु आपल्याकडे ‘बॅटरी’ म्हटल्यावाचून दुकानदार हात हलवीत नाही, म्हणून येथे तोच शब्द वापरतो. आत घालतात तो सेल.

कवठे महांकाळ तालुक्यात बॅटरी ही हौसेची वस्तू नव्हे. म्हैसाळ योजनेचे पाणी आले, द्राक्षबागा वाढल्या, तरी शेतीपंपाची वीज आठवड्यातील काही दिवस रात्रीच, ही पद्धत आपण वर्षानुवर्षे सोसली. मोटर चालू करण्यासाठी रात्री बांधावरून जाणाऱ्याच्या वाटेत घोणस, मण्यार, फुरसे असते आणि वाटेच्या शेवटी उघडा स्टार्टर असतो. म्हणून बॅटरी घेताना रंग किती, यापेक्षा कोणता रंग काय दाखवितो आणि काय लपवितो, हे पाहिले पाहिजे.

रंगीत दिवा आपल्याला नवा नाही. मिरज-पंढरपूर मार्गावर छोटी गाडी धावत होती तेव्हा गार्डाच्या हाती रॉकेलचा कंदील असे. त्यातील लाल-हिरवी काच फिरविली की रंग बदले. तो रंग दुसऱ्याने दुरून पाहावा म्हणून होता, त्या उजेडात स्वतः काही शोधावे म्हणून नव्हे. आजही रेल्वेत तीन रंगांची बॅटरी वापरतात ती खुणेसाठीच. शेतकऱ्याचे काम उलट आहे. त्याला स्वतःला पाहावयाचे असते.

एल.ई.डी.त काच रंगवावी लागत नाही. तिचा कणच ठरावीक रंगाचा प्रकाश देतो. लाल कण 1962 साली आला. तेजस्वी निळा साधायला 1990 चे दशक उजाडले आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना 2014 चे नोबेल मिळाले. निळ्या कणावर पिवळसर लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. काही स्वस्त बॅटऱ्यांत मात्र लाल, हिरवा, निळा असे तीन कण एकदम पेटवून पांढरा भासवितात. त्यापुढे बोट धरून भिंतीवर सावली पाडा. सावलीच्या कडेला रंगीत पट्टे दिसले तर तो पांढरा उसना समजावा.

आता लाल उजेडाची गोष्ट. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात आणि मंद लाल उजेडाने तो सराव मोडत नाही, हे खरे. पण लाल उजेडात लाल, पिवळी आणि पांढरी वस्तू जवळपास सारखीच दिसते. निळी व हिरवी दोन्ही काळी पडतात. थ्री-फेजच्या लाल, पिवळ्या, निळ्या वायरी आणि अर्थिंगची हिरवी वायर डोळ्यांपुढे आणा. अशा उजेडात वायर ओळखू पाहणे म्हणजे जिवाशी खेळ होय. (स्टार्टर उघडण्यापूर्वी मेन स्विच पाडणे हे तर आलेच.) तपकिरी फुरसेही लाल उजेडात मुरमात मिसळून जाते.

याची परीक्षा दुकानातच होते. आम्हा बँकेतल्या माणसांना नोटांचाच सराव, म्हणून तोच उपाय सांगतो. 10 ची चॉकलेटी, 20 ची हिरवट पिवळी, 50 ची निळी, 100 ची जांभळट आणि 200 ची झळझळीत पिवळी नोट काउंटरखाली अंधारात पसरा आणि पांढऱ्या उजेडात पाहा. 20 आणि 200 चा फरक चटकन कळला नाही, तर ती बॅटरी परत द्यावी. मग लाल लावून पाहा. वर काय म्हटले ते आपोआप पटेल.

बटणाकडेही लक्ष द्या. पुष्कळ बॅटऱ्यांत एकच बटण असते आणि दाबत गेले की लाल, हिरवा, लुकलुक आणि मग पांढरा येतो. पायाशी काही सळसळले असता तीन वेळा बटण दाबण्याइतका वेळ नसतो. पहिल्या दाबालाच पांढरा आला पाहिजे. आमच्या मते हा गुण सर्वांत मोठा. खोक्यावर तो कोणी छापीत नाही.

जांभळा रंग बहुधा अतिनील म्हणून विकतात. खऱ्या अतिनील प्रकाशात नोटेवरील क्रमांकाची शाई चमकते; कागदावर नुसता जांभळा डाग पडला तर ती शोभा. या प्रकाशात विंचू हिरवट-निळा चमकतो. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध रुळविले खरे, परंतु उशाशी विंचू आहे की नाही हे आधी दिसलेले बरे. मात्र नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, तेव्हा अंथरूण झाडणे सोडू नये. हा झोत डोळ्यांत घेऊ नये, मुलांच्या हाती देऊ नये.

राहिला सेल. 18650 म्हणजे 18 मिलिमीटर जाडी आणि 65 मिलिमीटर लांबी. एवढ्या आकारात 3500 एमएएचच्या आसपास साठा मावतो. 9900 छापले असेल तर ते सरळ खोटे. चांगला सेल 45 ते 50 ग्रॅम भरतो. सोनाराच्या काट्यावर टाकावा. लाल कणाला सुमारे दोन व्होल्ट पुरतात, पांढऱ्याला व निळ्याला तीनच्या जवळ लागतात. त्यामुळे साध्या बॅटरीत सेल उतरल्यावर पांढरा मरतो, पण लाल बराच वेळ तगतो. ‘अजून पेटते की’ असे म्हणून ती घेऊन निघू नये. फुगलेला सेल वापरू नये आणि चार्जिंग अंथरुणावर लावू नये.