काळे पिल्लू कोणत्या जातीचे?

मध्य प्रदेशातील झाबुआ आणि धार भागांतल्या आदिवासींनी सांभाळलेली कोंबडीची जात म्हणजे कडकनाथ. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पिल्ले महाग, त्यामुळे फसवणुकीला वाव भरपूर. ऑस्ट्रेलॉर्पचीही पिल्ले काळीच दिसतात!

मग ओळखावे कसे? लवेच्या रंगावर विसंबू नये. ती काही आठवड्यांत झडून पिसे येतात. पिल्लू अलगद हातात धरा, पाठीवरची लव फुंकरीने बाजूला करा आणि कातडी पाहा. ऑस्ट्रेलॉर्पची कातडी पांढरट, कडकनाथची काळसर. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी अंड्यातील गर्भावस्थेतच कातडीखाली, स्नायूंत, हाडांच्या आवरणांतही पसरतात. विसाव्या गुणसूत्राच्या काही भागाची दुप्पट हे त्याचे मूळ, असे २०११ मध्ये उलगडले. रेशमी पिसांची सिल्कीही अशीच काळी. मात्र तिच्या पायाला पाच बोटे, कडकनाथला चार.

खरी पंचाईत पुढेच आहे. हा गुण प्रभावी असल्याने कडकनाथ आणि गावठी कोंबडी यांच्या संकराचे पिल्लूही काळसर निघू शकते. तेथे कातडी पाहून भागत नाही. पिल्लाच्या आईबापांचा कळप पाहायला जावे लागते.