धुळ्याएवढा देश, त्याची बँक

2011च्या जनगणनेत धुळे शहर पावणेचार लाखांचं. आइसलँड हा अख्खा देश आजही चार लाखांच्या आतला! त्याच्या तीन बड्या बँका ऑक्टोबर 2008 मध्ये एकाच आठवड्यात कोसळल्या. सरकारने रातोरात कायदा करून ठेवीदारांना अग्रक्रम दिला आणि देशातल्या ठेवींची हमी घेतली. या बँकांतल्या ब्रिटिश आणि डच ठेवीदारांच्या पैशांचा भार उचलायचा का, यावर दोनदा सार्वमत झालं. दोन्ही वेळा जनतेचं उत्तर एकच, नाही.

आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. पासबुक मात्र दोन्हीकडे सारखंच दिसतं. जळगावच्या पतसंस्थांत पैसे अडकलेल्या खानदेशी माणसाला हा फरक फार महागात पडला. पतसंस्थेच्या दारावर तो मोठ्या अक्षरांत लिहिलेला असायला हवा.

आता पॅसिफिकमधले दोन बेटांचे देश बघा. फॉस्फेटवर नाउरू एके काळी दरडोई उत्पन्नात जगात वरच्या पंक्तीला होता. तिथल्या निधीतून 1993 मध्ये लंडनला लिओनार्दो द विंचीवरच्या संगीत नाटकातही पैसा लावला, आणि नाटक पडलं. पुढे सरकारी बँकही बसली. लोक रोकड घरातच ठेवू लागले. 2015 मध्ये एका ऑस्ट्रेलियन बँकेची सेवा आली, तेव्हा कुठे काउंटर उघडला. शेजारच्या किरिबातीचं फॉस्फेट 1979 मध्येच संपलं, पण 1956 पासून बाजूला टाकलेला निधी अजून शाबूत आहे.

पॅसिफिकमधल्याच तुवालूत पहिलं एटीएम आलं 2025 मध्ये!

त्याच महासागरातल्या याप बेटावर भलेमोठे गोल दगड हेच धन. एक दगड वाटेत समुद्रात बुडाला, तरी त्याची मालकी सगळ्यांनी मान्य केली. वानुआतूच्या पेंटेकोस्ट बेटावर डुकरांच्या वळलेल्या सुळ्यांची बँक आहे. खानदेशात कापसाचे पैसे आले की जळगावच्या सराफ बाजारात पाटल्या होतात आणि पेरणीला त्याच पाटल्या सोनेतारणात जातात. धन घरात राहतं आणि गरजेला चलनही होतं, ही सोय मला फार शहाणपणाची वाटते.

दगड, सुळे, सोनं झालं; आता नोटा. मॉरिशसच्या नोटांवर देवनागरी आहे. 1998 मध्ये तमिळ मजकूर हिंदीच्या खाली छापला म्हणून एवढा गदारोळ झाला, की त्या नोटा मागे घेऊन नव्या छापाव्या लागल्या.

आणि आपली जिल्हा बँक? 1998 मध्येच नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, बँक मात्र धुळे-नंदुरबारची एकच राहिली. मार्च आला की गावच्या सोसायटीत नवं-जुनं सुरू होतं: 31 तारखेच्या आत हातउसने करून जुनं पीककर्ज भरायचं, एप्रिलात नवं उचलून उसने फेडायचे. वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य. म्हणून तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गटसचिवाला जेवायलाही फुरसत नसते.