पतंग सरकले ६७ मीटर वर!

ट्रेकला गेल्यावर तुम्हीही अनुभवलं असेल. पायथ्याशी घामाघूम, आणि माथ्यावर पोचलात की विंडचीटर बाहेर! डोंगरावर दर शंभर मीटरला तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरतं. आपल्याकडे जॅकेट असतं. बहुतेक कीटकांचं शरीर मात्र भोवतालच्या हवेच्या भरवशावर. म्हणून डोंगरावरच्या जंगलात प्रत्येक प्रजातीचा उंचीचा पट्टा ठरलेला असतो. एकच बिल्डिंग, पण मजल्यागणिक वेगळे भाडेकरू.

हे भाडेकरू मजला बदलतायत का, हे कळायला जुनी नोंद लागते. आणि नेमकी तीच कुठे नसते! बोर्निओ बेटावरच्या ४,०९५ मीटर उंच किनाबालू पर्वतावर मात्र ती होती. १९६५ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांची एक मोहीम तिथे गेली होती. रात्री दिवा लावायचा, येतील ते पतंग गोळा करायचे आणि कुठला किती उंचीवर मिळाला ते लिहून ठेवायचं, बस. हो, आपल्याच वयाची मुलं! त्यांतले जेरेमी हॉलोवे पुढे बोर्निओच्या पतंगांवर खंडच्या खंड लिहिणारे तज्ज्ञ झाले.

२००७ मध्ये, म्हणजे ४२ वर्षांनी, यॉर्क विद्यापीठात पीएचडी करणारी आय-चिंग चेन आणि तिची टीम त्याच जागांवर पोचली. जागा शोधायला जुने फोटो कामी आले. हॉलोवेही या संशोधनात होते. पाठीला बाक काढत चालणाऱ्या अळ्यांचे, जिओमेट्रिडी कुळातले हे पतंग. १०२ प्रजातींचा हिशेब लागला आणि त्या सरासरी ६७ मीटर वर सरकलेल्या निघाल्या.

६७ मीटर म्हणजे वीसेक मजले. त्यात काय एवढं, असं वाटेल. पण अळीला खायला ठरावीक झाडं लागतात, आणि झाडं काही पंख पसरून वर जात नाहीत. शिवाय डोंगर वर निमुळता होत जातो. किनाबालूच्या माथ्याकडे तर जंगल संपतं आणि उघडा ग्रॅनाइट सुरू होतो. तिथल्या पतंगांनी जायचं कुठे?

आपल्याकडे अशी नोंद अरुणाचलच्या ईगलनेस्ट अभयारण्यात होतेय, तीही पुण्याच्या ‘आयसर’मधून. तिथले रमणा अत्रेय मूळचे खगोलशास्त्रज्ञ, बरं का! त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनीने साधारण २०० ते २,७०० मीटरदरम्यान वेगवेगळ्या उंचीवर हॉकमॉथ पतंग टिपले. रात्री पडद्यावर प्रकाश सोडायचा, बसलेल्या पतंगाचा फोटो काढायचा आणि मोजमाप त्या फोटोवरूनच घ्यायचं. पतंग सकाळी उडून जायला मोकळा.